आधी कादंबरी, मग राजीनामा

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलताना जशी भाषा आली, तशीच बरीचशी ठेवली आहे.)

इयरफोन नीट लावा, लोकलमध्ये असाल तर दरवाज्यापासून जरा आत सरका, आणि सुरू करूया.

गेल्या काही महिन्यांत तुमचे जे मेसेज येतायत, त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. कुणी जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर आहे, कुणी सोशल मीडिया सांभाळतंय, कुणी डिझाइन स्टुडिओत, कुणी प्रॉडक्शन हाऊसमध्ये स्क्रिप्ट लिहितंय. सगळ्यांचा सूर एकच. "ताई, दिवसभर दुसऱ्याच्या ब्रँडसाठी लिहिते. डोक्यात स्वतःची कादंबरी आहे. नोकरी सोडू का?"

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळत बसायला नको. लगेच सोडू नका. आधी लिहायला लागा. राजीनामा ही या प्रवासातली पहिली पायरी नाहीये. अनेकांच्या बाबतीत ती खूप उशिरा आलेली पायरी आहे, आणि काहींनी तर ती चढलीच नाही.

हे मी बाहेरून सांगत नाहीये. मीही मुंबईत काही वर्षं एजन्सीत कॉपी लिहिली. साबण, विमा, मसाले, मोबाइलचे रिचार्ज, सगळं लिहून झालंय. आता कादंबरी लिहिते, आणि आठवड्यातले दोन दिवस अजूनही जाहिरातीचं काम घेते. ते का घेते, ते ऐकत गेलात की कळेलच.

आधी पैशांचं बोलू

कादंबरीवर बोलताना आपण पैशांचा विषय शेवटी काढतो, तोही जरा लाजत. मी आधी काढते.

साधं गणित करा. तुमच्या मराठी कादंबरीची किंमत ३०० रुपये धरू. रॉयल्टी दहा टक्के धरू. म्हणजे एका प्रतीमागे तुम्हाला ३० रुपये. हजार प्रती विकल्या गेल्या, तर ३०,००० रुपये. ती कादंबरी लिहायला तुम्हाला दोन वर्षं लागली असतील, तर महिन्याला पडले १,२५० रुपये. घराचं भाडं सोडा, यात महिन्याचा रेल्वे पास आणि मोबाइलचं बिल निघालं तरी पुष्कळ.

आणि हजार प्रती विकल्या जाणं म्हणजे मराठीत काही साधी गोष्ट नाही. शिवाय काही ठिकाणी उलटाच कारभार असतो. पुस्तक छापायचं तर लेखकानंच खर्च करायचा. असं कुणी म्हणालं, तर निदान एवढं ओळखा की तो तुम्हाला लेखक म्हणून पैसे देत नाहीये, गिऱ्हाईक म्हणून तुमच्याकडून घेतोय.

ऑडिओबुकमुळे एक नवी वाट उघडली आहे, हे खरं. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं आणि मराठी कान पुस्तक ऐकायला सरावले. तुमच्यातले कितीतरी जण कादंबरी वाचत नाहीत, भांडी घासताना, बसमध्ये, जिममध्ये ऐकतात. पण पहिल्याच पुस्तकावर घर चालेल, अशी आशा तिथंही धरू नका.

मी हे घाबरवायला सांगत नाहीये. उलट हे एकदा कळलं की डोकं मोकळं होतं. कारण मग प्रश्नच बदलतो. "कादंबरीवर पोट भरेल का?" हा प्रश्न बाजूला पडतो आणि खरा प्रश्न समोर येतो: कादंबरी लिहायला जो वेळ लागतो, तो विकत कसा घ्यायचा? कारण वेळ विकतच घ्यावा लागतो. कुणी पगारातून घेतं, कुणी बचतीतून, कुणी झोपेतून.

ज्यांनी हे केलं, त्यांनी कसं केलं?

आता जरा जगभर फिरून येऊ. जाहिरातीतून कादंबरीकडे गेलेल्या लोकांची रांग मोठी आहे. आपल्याला त्यांचं नाव आणि पुरस्कार माहीत असतो. ते वेळ कुठून काढायचे, हे मात्र आपण विचारत नाही. आज तेच बघू.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एल्मोर लिओनार्ड नावाचे कॉपीरायटर होते. कॅम्पबेल-इवॉल्ड या एजन्सीत शेवरोले गाड्यांच्या जाहिराती लिहायचे. १९५० चं दशक. घरी लहान मुलं. ते पहाटे पाचला उठायचे, सातपर्यंत लिहायचे आणि मग कामावर जायचे. स्वतःसाठी एक नियम केला होता: लिहायला सुरुवात केल्याशिवाय कॉफीचं पाणी ठेवायचं नाही. नोकरी सोडली १९६१ मध्ये. तोवर त्यांच्या नावावर अनेक कथा आणि काही कादंबऱ्या जमा झाल्या होत्या.

जोसेफ हेलर न्यूयॉर्कमध्ये मासिकांच्या जाहिरात विभागात नोकरी करायचे. १९५३ मध्ये एका कादंबरीला हात घातला. संध्याकाळी, कामावरून आल्यावर. ती छापून आली १९६१ मध्ये. आठ वर्षं! ती कादंबरी म्हणजे 'कॅच-२२'. आज हे दोन शब्द इंग्रजीत वाक्प्रचार म्हणून वापरतात. आपल्या एखाद्या मीटिंगमध्येही कुणीतरी म्हणतंच, "कॅच-२२ सिच्युएशन आहे यार."

सलमान रश्दी आपल्या मुंबईचे. लंडनला कॉपीरायटर होते. क्रीम केकसाठी 'नॉटी बट नाइस' म्हणणारे तेच, आणि एरो चॉकलेटसाठी बुडबुड्यांवरून शब्द जुळवणारेही तेच. पहिली कादंबरी 'ग्रायमस' १९७५ मध्ये आली. ती फारशी चालली नाही. तिचे आगाऊ ७०० पौंड मिळाले होते. त्यांनी काय केलं? त्या पैशात पुरवून पुरवून भारतभर फिरले. परत जाऊन आठवड्यातले थोडे दिवस एजन्सीत काम आणि बाकीचे दिवस लिखाण, असं करत 'मिडनाइट्स चिल्ड्रन' पूर्ण केली. १९८१ मध्ये ती आली आणि तिला बुकर मिळालं. पुरस्कारानंतरचे रश्दी सगळ्यांना माहीत आहेत. आपल्याला बघायचेत ते त्याआधीचे, अर्धवेळ कॉपीरायटर असलेले रश्दी.

पीटर केरी ऑस्ट्रेलियाचे. १९७० च्या दशकात ते क्वीन्सलँडमध्ये एका कम्यूनमध्ये राहायला गेले. तीन आठवडे लिहायचं, चौथ्या आठवड्यात सिडनीला जाऊन जाहिरातीचं काम करायचं. पुढे १९८० मध्ये भागीदारीत स्वतःची एजन्सीही काढली. बुकर मिळालं १९८८ मध्ये, आणि परत २००१ मध्ये.

जेम्स पॅटरसन, ज्यांची पुस्तकं विमानतळावर भिंतभर लावलेली असतात, ते जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीत होते. पहिली कादंबरी ३१ प्रकाशकांनी नाकारली. ती १९७६ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला रहस्यकथांचा मानाचा एडगर पुरस्कार मिळाला. तरी त्यांनी एजन्सी कधी सोडली? १९९६ मध्ये. वीस वर्षांनी!

आणि आपल्याकडच्या अनुजा चौहान. 'ये दिल मांगे मोर' हे शब्द ज्यांच्या लेखणीतून आले त्या. दिल्लीत जे. वॉल्टर थॉम्पसनमध्ये मोठ्या हुद्द्यावर होत्या. 'द झोया फॅक्टर' आली २००८ मध्ये, नोकरी सोडली २०१० मध्ये. म्हणजे इथंही आधी पुस्तक, मग राजीनामा.

उलटं उदाहरण नाही का? आहे. डॉन डिलिलो. न्यूयॉर्कला ओगिल्व्हीमध्ये पाचेक वर्षं कॉपी लिहून १९६४ मध्ये सरळ बाहेर पडले. पण त्यांनीच पुढे सांगितलंय की लिहिण्यासाठी म्हणून नोकरी सोडली नव्हती, काम करायचा कंटाळा आला होता म्हणून सोडली. पहिली कादंबरी 'अमेरिकाना' आली १९७१ मध्ये. मध्ये सात वर्षं. राजीनामा दिला म्हणून कादंबरी भराभर लिहून झाली, असं त्यांच्याही बाबतीत घडलं नाही.

आता मराठीकडे येऊ. किरण नगरकर. मुंबईत जाहिरात क्षेत्रात काम केलेला हा माणूस. 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ मध्ये आली, मराठीत. पाढा जाणूनबुजून चुकवलेलं हे शीर्षक आजही ताजं वाटतं. दुसरी कादंबरी 'रावण अँड एडी' आली १९९५ मध्ये, इंग्रजीत. मध्ये एकवीस वर्षं गेली. त्यात नाटक झालं, पटकथा झाल्या, पोटापाण्याचं काम झालं. मग १९९७ मध्ये 'ककल्ड' आली आणि तिला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही सगळी नावं मी एवढ्यासाठी घेतली की यातल्या कुणाचीच वाट "एके दिवशी राजीनामा फेकला आणि डोंगरात जाऊन कादंबरी लिहिली" अशी सरळ नाहीये. पहाटेचे दोन तास, संध्याकाळचा तुकडा, आठवड्यातले अर्धे दिवस, महिन्यातले तीन आठवडे. वेळ हप्त्याहप्त्यानं विकत घेतलाय. आपण बाईकचा हप्ता भरतो ना, तसा.

एक गोष्ट मात्र इथं बोललीच पाहिजे. पहाटे पाचला उठून लिहायचं, हे ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे कितीतरी घरांत पहाटे पाचला बाई उठलेलीच असते. डबे भरायचे असतात, पाणी येऊन जायचं असतं. तिला कुणी सांगितलं की "पाचला उठून लिही," तर ती हसेल. तेव्हा दुसऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. विरारहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळत असेल, तर तो तुमचा वेळ. मूल क्लासला गेलं की मिळणारा तास, तो तुमचा वेळ. आणि घरात जर दोघं कमावते असाल, तर दुसऱ्याला स्पष्ट सांगा: रविवारी सकाळी आठ ते अकरा मी घरात असले तरी नाहीये. चहा, नाश्ता, दारावरची बेल, सगळं तू बघायचं. हे बोलणं अवघड आहे. पण ते टाळलं, तर कादंबरीचा वेळ नेमका बाईच्याच झोपेतून कापला जातो.

एजन्सीनं आपल्याला काय दिलं?

नोकरीवर वैतागलेला माणूस म्हणतो, "इतकी वर्षं वाया गेली." अजिबात नाही. तुमच्याकडे चार गोष्टी अशा आहेत, ज्या घरी बसून कादंबरी लिहायला घेणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे सहजी नसतात.

पहिली, कापायची सवय. तीस सेकंदांत बसत नाही म्हणून तुम्ही तुमचं आवडतं वाक्य शंभर वेळा काढून टाकलंय. नवशिक्या लेखकाला स्वतःचं एक विशेषण काढताना जीव जातो.

दुसरी, नकाराची सवय. "मजा नहीं आया" हे क्लायंटचं वाक्य ऐकून तुम्ही कॅन्टीनमध्ये चहा पिऊन दुसऱ्या दिवशी नवे तीन ऑप्शन दिलेत. मघाशी पॅटरसन यांचे ३१ नकार सांगितले. हे पचवायचं बळ कुठून आलं असेल, ते आपल्याला समजू शकतं.

तिसरी, बसायची सवय. मूड लागो न लागो, सहा वाजता लेआउट जायचा म्हणजे जायचाच. कादंबरीला प्रेरणेपेक्षा हीच सवय जास्त कामी येते.

चौथी, कान. लोक खरंच कसं बोलतात हे ऐकायला तुम्हाला पगार मिळालाय. नागपूरच्या दुकानदाराशी बोललात, सांगलीच्या शेतकऱ्याशी बोललात, कोल्हापूरच्या गृहिणीनं पापड कसा तळला ते बघितलंत. हे संवाद विकत मिळत नाहीत.

आणि खुद्द ऑफिससुद्धा कच्चा माल आहे. डोरोथी सेयर्स यांचं बघा. त्या १९२२ मध्ये लंडनच्या बेन्सन या एजन्सीत लागल्या, अनेक वर्षं कॉपी लिहिली, आणि बाहेर पडल्यावर १९३३ मध्ये 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' लिहिली. खून होतो कुठे? जाहिरात एजन्सीत! पीटर केरी यांच्या 'ब्लिस'चा नायक जाहिरातवाला. 'द झोया फॅक्टर'ची नायिका एजन्सीत क्लायंट सांभाळणारी. तिघांनीही आपल्या ऑफिसची शिदोरी बरोबर नेली. तुम्हीही न्या. फक्त क्लायंटची गुपितं आणि खऱ्या माणसांची नावं मागे ठेवून या.

आणि काय विसरावं लागतं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण नोकरी सोडणं एका ईमेलमध्ये होतं, पण नोकरीनं हाताला लावलेलं वळण जायला वेळ लागतो.

जाहिरातीत उत्तर आधीच ठरलेलं असतं. उत्तर म्हणजे प्रॉडक्ट. आपण फक्त त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न शोधतो. कपड्यावर डाग पडला, साबण आला, डाग गेला. कादंबरीत मात्र आधी डाग पडतो, आणि तो जाईल की नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. कधीकधी कादंबरी म्हणजे तो डाग घेऊन जगणाऱ्या माणसाचीच गोष्ट असते.

एक उदाहरण देते. समजा, लोणच्याची जाहिरात करायची आहे. आपण काय लिहू? "आईच्या हातची चव." तीन शब्द, झालं काम. आई हसतेय, बरणी चमकतेय, मुलगा बोटं चाटतोय.

आता याच आईला कादंबरीत आणा. ती हसणारच नाही, कारण कैऱ्या फोडून तिचा खांदा भरून आलाय. लोणच्याची कृती तिच्या सासूची आहे, आणि सासूशी तिचं कधी पटलं नाही. म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात ती न आवडलेल्या बाईची आठवण मीठ लावून बरणीत भरते. मुलगा पुण्याला असतो, बरणी घेऊन जातो आणि अर्धी तशीच टाकून देतो. तिला ते माहीत आहे. तरी पुढच्या वर्षी ती परत घालते. का घालते? या 'का'चं उत्तर तुम्हाला सुरुवातीला ठाऊक नसतं. ते शोधायला तीनशे पानं लागतात. जाहिरात जिथं संपते, तिथं कादंबरीचं पहिलं पान असतं.

दुसरं विसरायचं ते चमकदार वाक्य. आपल्याला पहिल्या तीन सेकंदांत हुक टाकायची सवय. रीलला ते ठीक आहे. पण कादंबरीत प्रत्येक वाक्य टाळ्या मागायला लागलं की वाचक थकतो. पाहुणा आल्या आल्या विनोद सांगायला लागला तर पहिली दहा मिनिटं मजा येते, मग आपण घड्याळ बघतो. तसंच ते. काही वाक्यं नुसती चालणारी असावी लागतात. "ती उठली. दार लावलं. परत येऊन बसली." बास.

तिसरं, आणि सगळ्यात अवघड: ॲप्रूव्हल. एजन्सीत सकाळी लिहिलेलं संध्याकाळी कुणीतरी बघतं. बरं-वाईट काहीतरी बोलतं. कादंबरी लिहिताना दीड वर्षं कुणी काही बोलत नाही. ब्रीफ नाही, डेडलाइन नाही, टार्गेट ऑडियन्स नाही. शांतता. अनेक जण इथं अडकतात. लिहिता येत नाही म्हणून नाही, तर ही शांतता सोसत नाही म्हणून. मग दोन प्रकरणं झाली की मित्रांच्या ग्रुपवर टाकतात, दहा अंगठे येतात, तीन सल्ले येतात, आणि कादंबरी तिथंच थांबते. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवू नका, असं मी तरी सांगेन. आणि नंतर दाखवायचा झाला तर एकाच माणसाला, जो खरं बोलतो.

ही शांतता तुम्हाला सोसते का, हे नोकरीत असतानाच कळू शकतं. म्हणूनच म्हणते, आधी लिहा. राजीनामा देऊन, बचत मोडून, घरच्यांशी भांडून मग हे कळण्यापेक्षा पगार चालू असताना कळलेलं बरं.

कागदपत्रं, कंटाळा न करता

दोन मिनिटं कायद्याचं बोलते. इथं स्किप करू नका.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे लिहिता, त्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणून तुमची गाजलेली जाहिरात तुमच्या नावावर नसते. घरी, तुमच्या वेळेत लिहिलेली कादंबरी हा नोकरीचा भाग नाही. पण काही नेमणूकपत्रांत "कर्मचाऱ्यानं तयार केलेलं सर्व काही" अशी ऐसपैस कलमं असतात, काहींत बाहेरच्या कामाला बंदी असते. तुमचं पत्र आज रात्री काढून वाचा. कादंबरी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहू नका, ऑफिसच्या ईमेलवर ठेवू नका. स्वतःचा फोन, स्वतःचं खातं. शंका असेल तर वकिलाला दाखवा.

दुसरं, प्रकाशकाशी करार. कादंबरीचा कॉपीराइट तुमच्या हयातीत तुमचा, आणि तुमच्यानंतर ६० वर्षं वारसांचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल, तर भारत धरतो. पण "कायमचे सर्व हक्क" असं छापलेलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर मग अवघड. छापील पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, सिनेमा आणि वेबसीरिज हे वेगवेगळे हक्क आहेत. पहिलं पुस्तक येतंय या आनंदात चारही एका ओळीत देऊन टाकू नका. क्लायंटचा करार तीनदा वाचणारे आपण, स्वतःचा करार एकदा तरी वाचूया.

मग नोकरी कधी सोडायची?

सोडूच नका असं मी म्हणत नाहीये. मीही पूर्णवेळ नोकरी सोडलीच. पण त्याआधी तीन गोष्टी हातात असाव्यात.

एक, पूर्ण झालेला पहिला खर्डा. कसाही असो, वेडावाकडा असो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. साठ हजार शब्दांची कादंबरी धरा. दिवसाला तीनशे शब्द, आठवड्यातले पाच दिवस. आठवड्याला दीड हजार, म्हणजे चाळीस आठवडे. मध्ये गणपती, दिवाळी, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण धरलं तरी वर्षभरात होतं. तीनशे शब्द म्हणजे किती? तुम्ही चिडून मैत्रिणीला पाठवता तो एक लांबलचक व्हॉट्सॲप मेसेज. फोनवर लिहा, बोलून टाइप करा, कसंही करा.

दोन, सहा महिने ते वर्षभराचा घरखर्च बाजूला. यात विम्याचा हप्ता धरा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, आणि त्यावर आई-बाबा असतील तर त्यांचंही बघावं लागतं. गृहकर्ज असेल तर हे आकडे घरच्यांसमोर कागदावर मांडा. आपल्या स्वप्नाचा हप्ता त्यांच्या नकळत त्यांच्या खात्यातून जायला नको.

तीन, थोडं येणारं काम. आठवड्यातले दोन दिवस, किंवा केरी यांच्यासारखा महिन्यातला एक आठवडा. मी अजूनही दोन दिवस जाहिरात लिहिते ते यासाठीच. त्या दोन दिवसांत मी वाण्याचं आणि विजेचं बिल भरते, म्हणजे उरलेल्या दिवसांत कादंबरीला तिच्या मनासारखं वागता येतं. पुढचं भाडं डोळ्यांसमोर असलं की शेवट घाईघाईनं गोड करावासा वाटतो. ही भीती जेवढी कमी, तेवढी कादंबरी प्रामाणिक.

आणि समजा, या तीन गोष्टी जमल्या, खर्डा झाला, आणि तुम्हाला वाटलं की नोकरी ठेवूनच लिहावं? तर तेही छानच. हेलर यांच्या संध्याकाळच्या पानांना कुणी अर्धवेळ पानं म्हणत नाही. वाचकाला तुमची सॅलरी स्लिप दिसत नाही. त्याला पान दिसतं.

तर मंडळी, या आठवड्यासाठी एक काम. राजीनाम्याचा ड्राफ्ट असेल, तर तो तसाच पडू दे. त्याऐवजी फोनमध्ये एक नवी नोट उघडा आणि तुमच्या कादंबरीतलं एक माणूस, जे काहीही विकत नाहीये, त्याच्यावर तीनशे शब्द लिहा. उद्या परत तीनशे. रविवारपर्यंत दीड हजार झाले की मला मेसेज करा. शब्द पाठवू नका, फक्त आकडा पाठवा. मी वाट बघतेय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि लिहीत राहा!